वेलस्लीबंधू आणि आपला मुलूख

निपाणीकर, पटवर्धन, गोखले ही नावे आपल्याकडील जुन्या घरांतून आजही आदराने घेतली जातात. मात्र सन १८०३ मध्ये यांपैकी काही मंडळी आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीबरोबर पुण्यावर चालून गेली, हा भाग आला की सांगणाऱ्याचा आवाज थोडा उतरतो. कोणी त्यास फितुरी म्हणतो, कोणी मुत्सद्दीपणा. असा निकाल देण्यापूर्वी समोर कोणते घराणे उभे होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

वेलस्ली मंडळी मूळची आयर्लंडमधील जमीनदार. वडील, मॉर्निंग्टनचे अर्ल, १७८१ मध्ये वारले तेव्हा थोरल्या रिचर्डकडे पदवीबरोबर कर्जाचा बोजाही आला. पंतप्रधान पिट यांच्या मर्जीतला हा बुद्धिमान, मानी गृहस्थ १७९८ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. धाकटा आर्थर आपल्या पलटणीसह आधीच हिंदुस्थानात आला होता. त्याहून धाकटा हेन्री थोरल्याचा खासगी चिटणीस झाला. आणखी एक भाऊ, विल्यम, विलायतेत राजकारणात होता. म्हणजे हुकूम, तलवार, दप्तर आणि दरबार, चारही जागा एकाच घरात!

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. हल्ल्याचे नेतृत्व जनरल बेअर्डने केले होते; तो आर्थरहून वरिष्ठही होता. तरी शहराचा ताबा आर्थरकडे गेला आणि बेअर्ड त्याबद्दल धुसफुसत राहिला. म्हैसूरची व्यवस्था लावण्यासाठी जी समिती नेमली तीत आर्थर आणि हेन्री असे दोघेही भाऊ होते. पुढे १८०१ मध्ये अयोध्येच्या नवाबाकडून निम्मा मुलूख घेतला, त्याचा कारभार हेन्रीकडे दिला गेला, तेव्हा कंपनीच्या संचालकांनाही ते रुचले नाही. सरकारी नोकरीत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला हे वाचताना गंमत वाटते. आमच्या वेळी एवढी नातलगभरती झाली असती तर खातेनिहाय चौकशीचे कागद गाडीत मावले नसते.

आता त्याच १७९९ साली आपल्याकडे काय चालले होते ते पाहा. पटवर्धन आणि करवीरकर यांच्यात युद्ध पेटले होते, आणि सप्टेंबरात निपाणीजवळ पट्टणकुडी येथे परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना मारले गेले. अनेक मोहिमा गाजविलेला सेनानी घरच्याच रणात पडला. श्रीरंगपट्टण पडून तेव्हा चार-पाच महिनेच झाले होते.

दुसऱ्या वर्षी आर्थर आपल्या मुलखात आला, तो धोंड्या वाघाच्या पाठलागावर. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या या बंडखोराने ३० जून १८०० रोजी धोंडोपंत गोखले यांस ठार केले. पुतणे बापू गोखले साहजिकच आर्थरला मिळाले. ३० जुलैस मलप्रभेकाठी मनोळी (आजची मुनवळ्ळी) येथे आर्थरने धोंड्याच्या तळावर अचानक छापा घातला. पुष्कळ माणसे भरल्या नदीत बुडाली. १० सप्टेंबरला धोंड्या मारला गेला. त्याच्या लहान मुलाचा सांभाळ आर्थरने पुढे केला, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदविलीच पाहिजे. परंतु या मोहिमेत त्याला आपल्या नद्या, आपले रस्ते आणि आपल्या सरदारांचे परस्परांतील हेवेदावे पाठ झाले. त्याचा उपयोग १८०३ मध्ये झाला.

होळकरांनी ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ पराभव केल्यावर बाजीराव वसईस गेले, आणि ३१ डिसेंबरला त्यांनी तहावर सही केली. कंपनीची सहा पलटणी फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, हे त्यातले मुख्य कलम. थोरल्या भावाने आखलेला हा तह अमलात आणावयास धाकटा निघाला. हरिहरहून कृष्णेकडे येताना सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजे आपले आप्पा देसाई निपाणीकर, आणि बापू गोखले त्याच्यासोबत होते. २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात पोचला.

यास फितुरी म्हणावयास माझी लेखणी धजत नाही. ज्यांची चाकरी करावयाची त्या धन्यानेच सही केली होती. निपाणीकर धन्याच्या हुकमाबाहेर गेले नव्हते. परंतु मुत्सद्दीपणा म्हणावयासही मन घेत नाही, कारण या मोहिमेचा शेवट कोठे होणार याचा विचार आपल्या बाजूस कोणी केल्याचे दिसत नाही. विचार झाला तो कलकत्त्यास. तोही निव्वळ बंधुप्रेमाने नव्हे. पाठीशी कंपनीचा खजिना होता, आणि तो रिचर्डने इतका उपसला की १८०५ मध्ये संचालकांनी त्याला परत बोलाविले. पार्लमेंटात त्याच्यावर आरोप ठेवण्याचीही खटपट झाली.

एक गोष्ट साहित्यप्रेमी मंडळास सांगितलीच पाहिजे. याच रिचर्डने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढले, आणि तेथे शिकविणाऱ्या विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापून निघाले. भाषा शिकावयाची ती राज्य करण्यासाठी. तरी व्याकरण आपल्या पदरी पडलेच.

बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीस इंग्रजांशीच लढताना पडले. त्याच वसंतात बेळगावचा किल्ला घेतला तो टॉमस मन्रोने, म्हणजे म्हैसूर समितीच्या जुन्या चिटणिसाने. निपाणीकरांकडील चिकोडी आणि मनोळी इंग्रजांनी कोल्हापूरकरांस बक्षीस दिली, आणि काही वर्षांनी त्यांच्याकडूनही काढून घेतली. १८३७ मध्ये कंपनीने वृद्ध रिचर्डच्या सेवेची आठवण ठेवून वीस हजार पौंड मंजूर केले. १८३९ मध्ये सिद्धोजीराव वारले. औरस वारस नाही म्हणून निपाणीची जहागीर कंपनीने खालसा केली.