ज्याचे संवाद कुणी लिहिलेच नाहीत

वाशीला नाटक बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला विष्णुदास भावे हे नाव पाठ असतं. पण भाव्यांचं एखादं नाटक सांगा म्हटलं की 'सीता स्वयंवर' हे एकच उत्तर येतं, आणि त्यातला एक तरी संवाद सांगा म्हटलं की सगळे गप्प. यात आपला काही दोष नाही बरं का. तो संवाद कुणी लिहिलाच नव्हता!

विष्णू अमृत भावे सांगलीचे. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी तिथे खेळ घेऊन आली. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी तो पाहिला आणि मराठीत असं काहीतरी करा म्हणून भाव्यांना सांगितलं. १८४३ च्या ५ नोव्हेंबरला 'सीता स्वयंवर' झालं. तो दिवस आपण अजून मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो.

आता हा खेळ चालायचा कसा ते बघा. आधी गणपती, सरस्वती, विदूषकाची थट्टामस्करी. मग आख्यान सुरू. सगळी पदं सूत्रधार म्हणणार, आणि पद संपलं की पात्रं पुढे येऊन त्याच प्रसंगाचं आपल्या मनाने बोलणार. राक्षस आला की आरडाओरडा, मारामारी, पब्लिक खूश. आपल्या धंद्याच्या भाषेत, भाव्यांनी मेन प्रोग्राम लिहिला आणि प्रत्येक फंक्शनच्या आत काय घालायचं ते नटावर सोडलं. (सॉरी, शनिवारीसुद्धा सवय जात नाही.)

म्हणजे आपला हा आद्य नाटककार मुळात कवी. पदं त्याची, बोलणं नटांचं. पदं उरली, बोलणं त्या त्या रात्रीबरोबर गेलं. आमच्या वरळी कोळीवाड्यात हे पटकन समजतं. कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, ते आईकडून मुलीकडे येत राहतात. पण मांडवात कोण काय बोललं, कोण कुणावर रुसलं, ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतं?

१८५१ साली चिंतामणराव वारले आणि दरबारचा आधार संपला. माझ्या मते भाव्यांची खरी गोष्ट इथून सुरू होते. राजाच्या पैशावर नाटक करणं वेगळं आणि अनोळखी माणसाला तिकीट काढायला लावणं वेगळं. मंडळी गावोगाव फिरायला लागली आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ झाले. जगन्नाथ शंकरशेठांनी जागा दिलेलं हे थिएटर १८४६ साली सुरू झालं होतं. त्याच १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, पण सांगलीकरांना तिचा काय उपयोग? बोरघाटातून रेल्वे सुरू व्हायला १८६३ उजाडलं. तोवर घाट उतरायचा तो जुन्याच पद्धतीने, पडदे, मुखवटे, कपड्यांच्या पेट्या सगळं बरोबर घेऊन.

पुढे काळ बदलला. १८६१ साली वि. ज. कीर्तन्यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिलं, संवादांसकट. अशा नाटकांना लोक 'बुकिश' म्हणायचे, शब्द मस्त आहे. १८८० साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि नटच गायला लागला. सूत्रधाराचं काम नांदी-प्रवेशापुरतं उरलं. एव्हाना भाव्यांनी आपली मंडळी कधीच सोडली होती. 'शाकुंतल'नंतर पाच वर्षांनी, १८८५ साली, त्यांचं पुस्तक निघालं. नाव 'नाट्यकवितासंग्रह'. नाटकं नव्हे, नाट्यकविता. स्वतःच्या कामाला इतकं नेमकं नाव देणारा माणूस मला आवडतो.

'पहिला' कोण यावर वाद आहेच. तंजावरच्या शाहजीराजे भोसल्यांची मराठी नाटकं भाव्यांच्या आधी दीडेकशे वर्षांची. आणि जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. शेतकरी कुणबी, त्याची बायको, त्यांना लुबाडणारा भटजी, सगळे संवाद कागदावर. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं आणि छापून यायला १९७९ साल लागलं. एकाचे संवाद बोलले गेले पण लिहिले नाहीत, दुसऱ्याचे लिहिले गेले पण सव्वाशे वर्षं लोकांपर्यंत पोचलेच नाहीत. शाळेत आम्हाला फक्त ५ नोव्हेंबर शिकवला.

भावे १९०१ साली गेले. त्यांनी कळसूत्री बाहुल्याही केल्या होत्या, त्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. कधी बघायला मिळाल्या तर सोडू नका.