अनेकवचनी इंग्रज

परवा आमच्या चिरंजीवांनी वहीत 'चाइल्ड'चं अनेकवचन 'चाइल्ड्स' लिहिलं आणि मी गरजलो, "गाढवा!" वास्तविक हीच चूक मी पाचवीत केली होती. तेव्हा मास्तरांनी छडीने माझ्या तळहातावर वळांचं अनेकवचन उमटवलं होतं. तो वारसा पुढे चालवण्याआधी म्हटलं, आपण बँकेतली माणसं, जुनी लेजरं तरी एकदा तपासावीत.

तपासली आणि गारच झालो. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत अनेकवचनाच्या तऱ्हाच तऱ्हा! कुठे शेवटी 'अस', कुठे 'अन', कुठे शब्दाच्या पोटातलाच स्वर बदलायचा. 'बुक'चं अनेकवचन चक्क 'बेच' होतं! पुढे ही शेपटं झिजू लागली. १०६६ साली नॉर्मन राजा आला, दरबार फ्रेंच बोलू लागला आणि इंग्रजीला कुणी वाली उरला नाही. मग उत्तरेकडून 'एस' निघाला आणि मोठ्या बँकेने छोट्या गिळाव्यात तशी बाकीची शेपटं गिळत सुटला. दक्षिणेत 'एन' बराच काळ तग धरून होता.

छापखानेवाल्या कॅक्स्टनने १४९० साली एक किस्सा सांगितला आहे. टेम्समधून निघालेले व्यापारी वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. एकाने 'एगेस' मागितली. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! दुसऱ्याने 'एयरेन' म्हटलं, तेव्हा कळलं, पाहुण्यांना अंडी हवीत.

आणि 'चिल्ड्रन'? त्यातलं 'चिल्डर' हेच मुळी अनेकवचन. त्यावर 'एन' चढवला. अनेकवचनाचं अनेकवचन! आमच्याकडे याला चक्रवाढ व्याज म्हणतात. उलट 'पीज' म्हणजे वाटाणा हे एकवचन. शेवटचा 'स' ऐकून लोकांना वाटलं हे अनेकवचनच, म्हणून शेपूट छाटून 'पी' केलं. आपण मात्र बसमध्ये खुशाल म्हणतो, "एक लेडीज उभी आहे."

म्हणजे पहिल्यांदा 'बुक्स' म्हणणारा इंग्रज हा आमच्या चिरंजीवांचाच भाऊ. फरक एवढाच, की त्याची चूक सगळ्यांनी केली, म्हणून तिचा नियम झाला. आम्ही दोघेच पडलो.

चिरंजीवांना हे सगळं ऐकवलं. डोळे चमकले. "म्हणजे माझं बरोबर, बाबा?"

"इतिहासात बरोबर. परीक्षेत चूक."

'चाइल्ड्स' त्याने मुकाट्याने खोडलं. मीही 'गाढवा' मागे घेतलं. ठेवलं असतं, तर घरात त्याचं अनेकवचन झालं असतं.