अरेंजर की वर्कस्टेशन? दोन कीबोर्डांचा इतिहास

मागचे काही भाग ऐकून अनेकांनी एकच प्रश्न विचारला: "कीबोर्ड घ्यायचाय, अरेंजर घेऊ की वर्कस्टेशन?" इंदूरहून विचारलं, बंगळुरूहून विचारलं, सोलापूरहूनही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दिसतातही सारखेच. पण त्यांची कुळं वेगळी आहेत. ती समजली की निवड सोपी होते, म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात 'अरेंजर' या शब्दापासून करू. आपल्याकडे हा शब्द यंत्रासाठी नव्हताच, तो माणसासाठी होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतकार चाल बांधायचा आणि ती वाद्यवृंदात बसवायचं काम अरेंजर करायचा. सुरुवातीला काय वाजेल, दोन कडव्यांमधले तुकडे कोण वाजवणार, व्हायोलिन कुठे भरणार, शेवट कसा होणार, हे सगळं तो कागदावर स्वरलिपीत उतरवून देत असे. या कामात गोव्याची माणसं आघाडीवर होती, कारण तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये पाश्चात्त्य स्वरलिपी लहानपणीच शिकवली जाई. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी अरेंजिंग करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं.

आता अरेंजर कीबोर्डची बटणं पाहा: इंट्रो, व्हेरिएशन, फिल-इन, एंडिंग. त्या माणसाच्या कामाचे टप्पेच बटणांवर आले आहेत! डाव्या हातानं कॉर्ड धरायची. यंत्र ती ओळखतं आणि त्यानुसार ड्रम, बास, गिटार वाजवतं. उजवा हात चालीसाठी मोकळा राहतो.

हे एका दिवसात घडलं नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत वुर्लित्झर कंपनीनं 'साइडमॅन' नावाचं ठेका वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. नावाचा अर्थच साथीदार. पुढे असे ठेके घरगुती ऑर्गनच्या आतच बसवले जाऊ लागले, आणि मग ठेक्याला बास आणि कॉर्डची जोड मिळाली. १९८८ मध्ये रोलंडचा ई-२० आला आणि आजच्या अरेंजरचं रूप स्पष्ट झालं.

दुसरं कूळ स्टुडिओतलं. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरनं जोडले गेले. एक वाजवला की दुसराही वाजू लागला. ही 'मिडी'ची सुरुवात. त्यामागे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी होते. त्यानंतर सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि सीक्वेन्सर एकमेकांशी बोलू लागले. मग हे सगळं एकाच पेटीत का नको? १९८८ मध्येच कॉर्गनं एम-१ आणला: ध्वनिमुद्रित नमुन्यांवरून घडवलेले आवाज, ड्रम, इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर, सगळं एकत्र. 'वर्कस्टेशन' हा शब्द रूढ झाला तो या वाद्यामुळे.

म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा ठळक झाल्या. अरेंजर तुमच्यासोबत साथीदार बसवतो. वर्कस्टेशन तुम्हालाच अरेंजर व्हायला सांगतो: एकेक वाद्य स्वतः वाजवा, नोंदवा, रचत जा. १९९३ मध्ये कॉर्गच्या आय-३ नं दोन्ही वाटा जवळ आणल्या आणि आज महागड्या अरेंजरमध्येही सीक्वेन्सर असतो. तरी मूळ स्वभाव बदललेला नाही.

आपल्या संगीतात एक जुनी अडचण आहे. ठरलेल्या पट्ट्यांवर आपले स्वर पूर्ण बसत नाहीत, मींड निघत नाही. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० ते १९७१ हार्मोनियमला दूर ठेवलं होतं. कीबोर्डवर यावर थोडा उपाय आहे. पिच बेंडनं स्वर ओढता येतो. याचीच जुनी भावंडं म्हणजे १९५४ च्या 'नागिन'मधली बीन: ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. शिवाय अनेक कीबोर्डांत 'स्केल ट्यूनिंग' असतं, त्यात एकेक स्वर किंचित वर-खाली लावता येतो. घेण्याआधी ही सोय आहे का, हे जरूर विचारा. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारखे भारतासाठी बनवलेले अरेंजरही मिळतात. त्यांत तबला, तानपुरा आणि आपले ठेके असतात.

आता निवड. तुम्ही एकटेच गाता-वाजवता, गणेशोत्सवात किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात साथीला कोणी नाही? अरेंजर घ्या. पण दुकानात आधी दादरा, केरवा आणि रूपक वाजवून पाहा. चार मात्रांच्या शंभर स्टाईल असून सात मात्रांची एकही नसेल, तर भावगीताच्या वेळी पंचाईत होईल.

तुमच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी आहे, ऑक्टापॅड आहे? मग स्टाईलसाठी पैसे घालवू नका. ठेका माणसं धरणार आहेत. तुम्हाला हवेत चांगले टोन, गाण्याच्या मधे झटकन बदलणारे, आणि पट्ट्यांचे दोन-तीन भाग करून वेगवेगळे आवाज लावण्याची सोय. तिथे वर्कस्टेशन किंवा साधा सिंथेसायझर उपयोगी. घरी गाणी रचायची असतील तरीही वर्कस्टेशन चांगलं. मात्र घरात संगणक आधीच असेल तर सीक्वेन्सरचं काम तोही करतो.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी. अरेंजरनं अनेक लहान गावांत कार्यक्रम परवडण्याजोगे केले, हे खरं. पण त्याच बटणांमुळे कित्येक बासवाले, मेंडोलिनवाले, ड्रमर यांची कामं गेली, हेही तितकंच खरं. स्टाईल गायकाचा श्वास ऐकत नाही. गायक एक मात्रा थांबला तर ती थांबत नाही. ढोलकीवाला थांबतो. म्हणून माझं सांगणं एवढंच: साथीला माणूस मिळत असेल तर त्याची जागा यंत्राला देऊ नका. मिळत नसेल तर यंत्र बिनधास्त घ्या आणि गाणं चालू ठेवा.

पुढच्या भागात ऑक्टापॅडची गोष्ट. तोवर रियाज करत राहा.