सरदारकी सरली, वारी उभी राहिली : हैबतबाबा आरफळकर

१/ आळंदीत माउलींच्या मंदिराच्या महाद्वारातून आत जाताना वारकरी पहिल्या पायरीशी थबकतो, वाकून हात लावतो आणि मगच पुढे होतो. ही ‘हैबतबाबांची पायरी’. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्यांचे पूर्वायुष्य देवळात गेले नव्हते, फौजेत गेले होते. त्या वळणाची ही कथा.

२/ हैबतराव पवार हे साताऱ्याजवळच्या आरफळ गावच्या देशमुख घराण्यातले. तरुणपणी ते उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पदरी सरदार झाले. त्या काळच्या मराठा घराण्यांत हा रुळलेला मार्ग होता. घरच्या वतनाच्या वाटण्या होत जात. उत्तरेच्या चाकरीत मात्र घोडा, पगार आणि नावलौकिक मिळे.

३/ पण ज्या दौलतीवर हा मार्ग उभा होता, तीच खचत होती. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांचा पराभव झाला आणि त्याच वर्षअखेर सुर्जी-अंजनगावचा तह झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये ग्वाल्हेरच्या तहाने दौलतराव कंपनी सरकारला बांधले गेले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८२७ मध्ये दौलतराव वारले, तेही निपुत्रिक.

४/ इतिहासाच्या पुस्तकांत या घटना ‘सत्तांतर’ म्हणून येतात. शिपायाच्या घरी त्यांचा अर्थ वेगळा होता. फौजा मोडल्या, मोहिमा थांबल्या आणि घोडेस्वारी, छावणी, कूच हे शिकलेले कसब बाजारात बिनकिमतीचे झाले. हैबतरावांच्या पिढीने हे डोळ्यांदेखत पाहिले.

५/ पुढची हकिकत वारकरी परंपरेने जपली आहे. चाकरी सोडून, साठवलेली पुंजी घेऊन हैबतराव आरफळला परत निघाले. वाटेत सातपुड्याच्या डोंगरात भिल्लांच्या टोळीने त्यांना लुटले आणि साथीदारांसह एका गुहेत कोंडले. पद गेलेच होते, आता आयुष्यभराची कमाईही गेली.

६/ या प्रसंगाला त्या काळाचीही एक बाजू आहे. खानदेशात तेव्हा अस्थैर्य पराकोटीचे होते. राखणदारीचे जुने हक्क सुटल्याने डोंगरातले लोकही उपजीविकेला मुकले होते. पुढे १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्लांचीच पलटण उभारली, ती याच परिस्थितीतून. लुटणारे आणि लुटले गेलेले, दोघेही एकाच पडझडीत सापडले होते.

७/ गुहेत हैबतरावांनी हरिपाठाचा आधार घेतला. परंपरा सांगते की एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला पुत्रप्राप्ती झाली. या कैद्याच्या भजनाचेच हे फळ, असे मानून त्याने सर्वांना सोडले आणि ऐवजही परत केला. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. महत्त्वाचा आहे तो त्यानंतरचा निर्णय.

८/ हैबतराव घरी राहिले नाहीत. ते आळंदीला आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी काढले. रोज रात्री समाधीपुढे भजन हा त्यांचा नेम झाला. देशमुखी आणि सरदारकी भोगलेला माणूस देवळात सेवेकरी झाला.

९/ त्या वेळी वारीची पद्धत आजच्याहून वेगळी होती. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका घेऊन ती देहूहून आळंदीला येई आणि तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरपूरला जाई. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ हा गजर या जोड-पालखीशी निगडित मानला जातो.

१०/ पुढे देहूकर वंशजांत हक्कांवरून कलह वाढला आणि सोहळ्याला त्याची झळ पोहोचू लागली. तेव्हा, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबांनी माउलींच्या पादुकांची स्वतंत्र पालखी आळंदीहून काढली. हाताशी संस्थान नव्हते आणि खजिनाही नव्हता.

११/ मग त्यांनी तेच केले, जे मोहिमेपूर्वी सरदार करतो : माणसे जोडली आणि रसद उभी केली. बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची सेवा स्वीकारली. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई शितोळे घराण्यात दिलेली होती. चाकरी सुटली, तरी त्या वर्तुळातली ओळख उपयोगी आली. खंडुजीबाबा वासकरांसारख्या फडकऱ्यांनी दिंड्यांची साथ दिली.

१२/ आजही सोहळा पाहताना छावणीची शिस्त जाणवते. दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत : रथापुढे २७, बाकीच्या रथामागे. कूच कर्ण्याच्या इशाऱ्यावर होते. पहिल्या इशाऱ्याला आवराआवर, दुसऱ्याला सज्जता आणि तिसऱ्याला प्रस्थान. पुढे शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तो माउलींचा.

१३/ मुक्कामावरची समाज आरती तर विशेष पाहण्यासारखी. चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो आणि मगच आरती. हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणाही येथेच होते.

१४/ फौजेची घडी आणि वारीची घडी यांत एक मोठा भेद आहे. फौजेतला स्वार पगारावर येतो आणि पगार थकला की निघून जातो. वारकरी स्वतःची शिदोरी बांधून येतो. अशा माणसांना हुकूम चालत नाही. म्हणूनच गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय आरती न करण्याची रीत टिकली. हैबतबाबांना जुनी विद्या जशीच्या तशी वापरता आली नाही, ती नव्या माणसांसाठी बदलावी लागली.

१५/ आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघणारी ही पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालून आषाढीला पंढरपुरी पोहोचते. ज्या दौलतरावांच्या फौजेत हैबतराव होते, तिचा आज मागमूस नाही. त्यांनी उभी केलेली वारी मात्र जवळपास दोन शतके चालू आहे आणि आरफळकर घराण्याकडे सोहळ्याच्या मालकांचा मान आहे.

१६/ माउलींच्या दर्शनाला येणाऱ्यांची पायधूळ लागावी, म्हणून हैबतबाबांचे स्थान महाद्वाराच्या पायरीशी आहे, पंढरपुरी नामदेवांचे आहे तसेच. कार्तिक वद्य अष्टमीला याच पायरीच्या पूजनाने माउलींच्या समाधी सोहळ्याचा आरंभ होतो.

१७/ आज आळंदीभोवती भोसरी आणि चाकणचे कारखाने उभे आहेत. पाळी संपवून आलेला, क्वचित काम सुटलेला कामगारही याच पायरीला हात लावून आत जातो. त्या दगडाशी ज्याचे नाव जोडले आहे, त्या माणसाचेही काम एकदा सुटले होते, हे ठाऊक असले तर तेथे घटकाभर अधिक थांबावेसे वाटेल.