पैलवान आणि वस्ताद

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आले आहेत. कुस्ती मारतो तो पैलवान आणि कुस्ती शिकवतो तो वस्ताद. एकच माणूस तरुणपणी पैलवान आणि पुढे वस्ताद होऊ शकतो. पण प्रत्येक पैलवान वस्ताद होतोच, असे आपल्या आखाड्याने कधी मानले नाही. आखाड्याला कळलेली ही गोष्ट आपण सुशिक्षित माणसे मात्र वारंवार विसरतो.

हा विषय मला सुचला तो एका पालकामुळे. उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या यवतमाळात खेळांच्या शिबिरांच्या पाट्या लागतात. गेल्या खेपेस एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगा गोलंदाजी बरी करतो. म्हणाले, "सर, एका शिबिरात मोठा नावाजलेला खेळाडू आहे, त्याची फी भारी. दुसऱ्या ठिकाणी साधे मास्तर आहेत, त्यांचं नाव कुणी ऐकलं नाही. पोराला कुठं घालू?" प्रश्न साधा होता, पण फीचे पैसे कापसाच्या पट्टीतून जायचे होते आणि पोराचे वर्ष पुन्हा येणार नव्हते. मला चटकन उत्तर देता आले नाही.

तसा हा प्रश्न फार जुना. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात तो थेट राजसभेत येतो. विदिशेच्या अग्निमित्र राजाच्या पदरी गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य आहेत. श्रेष्ठ कोण, यावरून दोघांची जुंपते. राजाचे लक्ष नृत्यापेक्षा नर्तकीकडे आहे, ती गोष्ट वेगळी! निवाडा करायला बसते ती कौशिकी नावाची परिव्राजिका. तिचे म्हणणे असे, की कुणाची विद्या स्वतःच्या अंगी उत्तम वसते, तर कुणाला ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते. दोन्ही ज्याला साधले त्याला शिक्षकांच्या अग्रस्थानी बसवावे. मग ती आचार्यांना नाचायला सांगत नाही, त्यांच्या शिष्यांना पुढे आणायला सांगते. गणदासाची शिष्या मालविका रंगमंचावर येते आणि शिष्येच्या नृत्यावरून गुरूची पारख होते.

ही मालविका कोण? आपल्या विदर्भाची राजकन्या. नाटकाच्या अखेरीस विदर्भाचे दोन वाटे होतात आणि मध्ये सीमा ठरते ती वरदा नदी. ही वरदा म्हणजेच वर्धा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे जी नदी आज आपल्या जिल्ह्याच्या कडेने वाहते, तिच्या काठच्या मुलीच्या निमित्ताने हा निवाडा झाला म्हणायचा. आपण तो विसरावा हे काही बरे नाही.

आता कुणी म्हणेल, ज्याला स्वतःला उत्तम येते त्याला शिकवता का येऊ नये? कारण असे, की उत्तम येणे म्हणजे पुष्कळदा कसे येते ते विसरणे. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस? तो म्हणेल, "बसायचं आणि चालवायची." खोटे बोलत नाही बिचारा. त्याच्या अंगाला कळते, जिभेला कळत नाही. गोल्फच्या खेळात काठी मागे नेऊन चेंडूवर आणायला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात पाय, कंबर, खांदे आणि मनगटे एका क्रमाने वळतात. ज्याला हा क्रम लहानपणीच लाभला, त्याला तो तुकडे करून सांगता येईलच असे नाही. दुसरी अडचण आणखी मोठी. तो सांगतो ते त्याच्या स्वतःच्या देहाचे शास्त्र असते. समोरचे पोर बुटके, आखूड हातांचे किंवा डावरे असेल, तर त्या शास्त्राचा त्याला काय उपयोग?

मुंबईचे रमाकांत आचरेकर पाहा. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर प्रथम दर्जाचा एकच सामना आहे, 1963-64 सालचा, स्टेट बँकेच्या संघातून. पण शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांच्या हाताखालून लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर निघाले. यष्टीवर ते एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो सचिनला बाद करील त्याला ते नाणे, आणि कुणालाच जमले नाही तर ते सचिनचे. त्याला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. यात फलंदाजीचे कोणते गूढ तत्त्व सांगितले? काहीच नाही. पण दमलेल्या मुलाला शेवटचा अर्धा तास कसे जागे ठेवायचे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 साली पद्मश्री. 2019 च्या जानेवारीत ते गेले.

त्यांच्याच शिष्यांपैकी चंद्रकांत पंडित. पाच कसोट्या आणि छत्तीस एकदिवसीय सामने खेळलेला यष्टिरक्षक. चांगला खेळाडू, पण त्याच्या नावाचे पोवाडे कुणी गायले नाहीत. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी करंडकात खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी गाठू शकला नव्हता. पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडक जिंकला. पुढच्याच वर्षी नागपूरला सौराष्ट्रावर मात करून तो राखला. पुढे 2022 साली त्यांनी मध्य प्रदेशालाही करंडक मिळवून दिला, तोही बंगळूरच्या त्याच मैदानावर, जिथे 1999 मध्ये मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते स्वतः अंतिम सामना हरले होते. विदर्भाने 2025 मध्ये तिसऱ्यांदा करंडक घेतला तेव्हा प्रशिक्षक होते उस्मान घनी, भारताकडून कधीही न खेळलेले आपल्याच विदर्भाचे खेळाडू.

मग थोर खेळाडूंनी शिकवूच नये की काय? छे! तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गणपतराव आंदळकर 1960 चे हिंदकेसरी. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. आणि हेच गणपतराव पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांना वंदनीय झाले. त्यांना ते का साधले असेल? मला वाटते, तालमीची रीतच याचे उत्तर देते. तिथे थोरला पैलवान रोज धाकट्यांशी जोर करतो, त्यांना अंगावर घेतो, कुठे पाय चुकला ते सांगतो. पैलवानकी संपण्याच्या कितीतरी आधी त्याची वस्तादकी सुरू झालेली असते.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेच्या क्लॉड हार्मन यांनी 1948 साली गोल्फची मानाची मास्टर्स स्पर्धा जिंकली, पण त्यांचा रोजचा धंदा क्लबात शिकवण्याचा होता. म्हणून ते दोन्हीकडे थोर झाले. त्यांचा मुलगा बुच खेळाडू म्हणून वडिलांच्या जवळपासही पोचला नाही. पण टायगर वूड्स घडत होता त्या वर्षांत त्याचा फटका सुधारणारा शिक्षक तोच होता. वडिलांचे अजिंक्यपद मुलाकडे आले नाही, शिकवण्याची विद्या मात्र आली. दोन गोष्टी वेगळ्या, हे एकाच घरात दिसावे!

आपल्या देशानेही हे ओळखले. शेजारच्या अमरावतीत 1914 साली स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व्यायाम शिकवणारे शिक्षक तयार करीत आले आहे, आणि 1961 साली पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली तीही प्रशिक्षक घडवण्यासाठीच. खेळता येणे म्हणजे शिकवता येणे असते, तर या खटाटोपाची गरजच काय होती?

आणि आता आपल्या घरचे उदाहरण. यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. लहानपणी तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकी, फलंदाजी मात्र डावखुरी. त्याच्या प्रशिक्षकांनी हे हेरले आणि डाव्या हातानेही टाकून पाहा असे सुचवले. 2021 च्या नोव्हेंबरात सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटके निर्धाव टाकली, एकही धाव न देता दोन गडी बाद केले. शिक्षकाने स्वतःच्याच गोलंदाजीची नक्कल करवून घेतली असती, तर तो डावा हात खिशातच राहिला असता.

हे सारे मी दुसऱ्याला सांगतो आहे, पण आधी स्वतः शिकलो आहे. एम. ए.ला माझा वर्ग चांगला होता. त्या ऐटीत पहिले वर्ष मी इतके भराभर शिकवले, की सहामाहीत निम्म्या वर्गाने कोरे कागद दिले. दोष मुलांचा म्हणून मी रागावलो. एका मुलीने उठून हळूच सांगितले, "सर, तुम्हाला येतं म्हणून तुम्ही मधलं सांगतच नाही." ते 'मधलं' सांगायला शिकण्यात माझी पुढची पाच वर्षे गेली.

तेव्हा त्या गृहस्थांना मी शेवटी एवढेच सांगितले. फी भरण्यापूर्वी दोन्हीकडे दोन दोन संध्याकाळी जाऊन बसा. शिकवणारा बोलतो किती आणि पाहतो किती, ते बघा. चांगल्या पोराजवळ तो घुटमळतो की चुकणाऱ्याजवळ, ते बघा. तीन पोरांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतो की सगळ्यांना स्वतःचीच कहाणी ऐकवतो, तेही बघा. नावाजलेला खेळाडू या कसोटीला उतरला तर फी आनंदाने द्या. नाही उतरला, तर त्याच्याबरोबर पोराचा एक फोटो काढून घ्या, आणि पोराला मास्तरांकडे न्या.