वखारीची खूण ते 'जय हिंद'

तापीच्या मुखाशी, हजीऱ्यालगत सुवाळीचा किनारा आहे. १६१२ साली येथील समुद्रात टॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांना परतवून लावले आणि सुरतेत इंग्रजांच्या वखारीचा मार्ग मोकळा झाला. शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे सुरत मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु या वखारीचे टपालाच्या तिकिटांशी असलेले नाते सहसा ध्यानी येत नाही.

१ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी 'सिंद डाक' हे अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. आशिया खंडातील हे पहिले टपाल तिकीट. त्यावर राणीची मुद्रा नव्हती. होते ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारचिन्ह. मालाच्या गठ्ठ्यांवर मालकीसाठी व्यापारी जी खूण उमटवीत, तीच ही. वखारीतून निघालेली सत्ता राज्यकर्ती झाली, तरी तिने दुकानाची खूण टाकली नव्हती.

१८५४ मध्ये कलकत्त्यास छापलेल्या तिकिटांवर मात्र व्हिक्टोरिया राणी अवतरली. कंपनीचे राज्य संपण्यास तेव्हा चार वर्षे अवकाश होता. पुढे पाऊण शतक आपल्या पत्रांवर राजमुखावाचून दुसरे चित्र क्वचितच दिसले. १९२९ मध्ये हवाई टपालाच्या तिकिटांवर विमान आले, १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या वास्तू आल्या आणि १९३७ च्या मालिकेत हरकारा, बैलगाडी, टांगा व उंट यांनाही स्थान लाभले. तथापि, या चित्रांशेजारी राजाचे मस्तक होतेच. देश दिसू लागला होता, पण कुणाची तरी मालमत्ता म्हणून. पत्राची थैली वाहणारा हरकारा आपला. त्याच्या श्रमावरील शिक्का परक्याचा!

२१ नोव्हेंबर १९४७ रोजी साडेतीन आण्यांच्या तिकिटावर तिरंगा फडकला, देवनागरीत 'जय हिंद' ही अक्षरे आली आणि राजाचे मस्तक गेले. लढ्याच्या फलिताची इतकी साधी, घरोघर पोचणारी साक्ष दुसरी क्वचितच सापडेल.

ही साक्ष मात्र आपल्याच हातून नष्ट होत असते. संग्राहक पाकिटावरून तिकीट सोडवून घेतो आणि गावाचा व दिवसाचा शिक्का बाळगणारे पाकीट केरात जाते. ग्रंथालयांच्या सभासदांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते : आजोबांच्या पेटीतील जुनी पत्रे पाकिटांसह जपावीत. ग्रंथांइतकाच तोही आपला इतिहास आहे.