प्लेगच्या साथीपासून सोसायटीपर्यंत

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा ‘सोसायटीच्या आठवणी’ असा विषय सुचवला होता. आठवणी लिहिणारे पुष्कळ निघाले (पाण्याच्या टँकरवर तर तीन लेख आले आहेत म्हणे), म्हणून इतिहासाच्या या निवृत्त मास्तराने आपलंच दळण दळायचं ठरवलं. विषय प्लेगचा आहे. रौप्यमहोत्सवात प्लेग कशाला, असं आमच्या घरातूनही विचारलं गेलं. थोडा धीर धरा, गाडी शेवटी आपल्या बी विंगच्या जिन्यापाशीच येणार आहे.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या शेजारी, माणसं तापाने फणफणून दोन-चार दिवसांत मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ यायची. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. सुरुवातीला बऱ्याच जणांचा विश्वास बसला नाही, पण पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, ती १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली. वाढत्या शहराचा आकडा दहा वर्षांत खाली जातो, यावरून काय ते समजावं. पळालेल्यांबरोबर साथही गावोगाव गेली. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसं नेली.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. हाच तो कायदा, जो २०२० साली कोरोनात पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून रँड आला आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. चापेकर बंधूंनी २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय केलं, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड नावाच्या महार समाजातल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं, आणि त्यातच त्यांना लागण झाली. पाठ्यपुस्तकात रँडला पान आणि या घटनेला दोन ओळी असायच्या. मी शिकवताना हे प्रमाण उलटं करत असे. मुख्याध्यापकांना ते फारसं पसंत नव्हतं.

आता घरची गोष्ट. माझी आजी, वडिलांची आई, त्या वर्षी सहा वर्षांची होती. माहेर कसब्यातलं. तिच्या आईला गाठ आली, तेव्हा वडिलांनी आईला कोठीच्या खोलीत गोणपाटांच्या मागे निजवलं. इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत होती, आणि बायामाणसांना परके पुरुष हात लावणार ही धास्ती त्याहून मोठी. झडती आली. घरची सगळी माणसं रस्त्यावर उभी केली. सोजिरांबरोबरच्या दुभाष्याने मुद्दाम लहान पोरीला विचारलं, “बाळ, आई कुठाय?” आजीने पढवल्याप्रमाणे सांगितलं, “मामाकडे.” सोजीर कोठीत डोकावले आणि निघून गेले.

आई वाचली. पण दहा दिवसांनी आजीचा तीन वर्षांचा धाकटा भाऊ गेला. आजी ऐंशी वर्षांची झाली तरी म्हणायची, “मी खोटं बोलले म्हणून बाळू गेला.”

कॉलेजात मी वाचलं की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत हे दाखवलं, पण त्याला कुणी फारसं विचारलं नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवर प्रयोग झाले, तेव्हा कुठे ते पटलं. (खेड्यातल्या लोकांना मात्र ‘उंदीर पडायला लागले की घर सोडावं’ एवढं आधीच कळलं होतं. ते माळावर झोपड्या बांधून राहायचे.) म्हणजे आजीच्या आईला आणि भावाला बहुधा त्याच घरातल्या उंदरांच्या पिसवा चावल्या असणार. तिच्या खोट्याचा त्यात काही भाग असण्याची शक्यता फार कमी. मी उत्साहाने तिला हे सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, “असेल हो,” म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

१८९७ मध्ये यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रोग घाणीतून, दमटपणातून आणि कोंदट हवेतून येतो असा समज होता. म्हणून गटारं धुतली, भिंतींना चुना दिला, ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली आणि राहायला अयोग्य ठरवलेल्या घरांवर खुणा केल्या. एकीकडे हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. दुसरीकडे सरकारने १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. या ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. पाडलं जास्त, बांधलं कमी, आणि ज्यांची खुराडी पाडली ते गरीब शेजारच्या दुसऱ्या खुराड्यांत जाऊन दाटले. रोगाचं कारण चुकीचं समजून केलेलं काम. तरीही त्यातून आपल्याला एक गोष्ट मिळाली. इमारतीच्या बाजूला, तिच्या उंचीच्या साधारण निम्मी तरी जागा उजेडासाठी मोकळी हवी, असा आग्रह ट्रस्टच्या ऑर नावाच्या अध्यक्षाने धरला. दोन विंगांमध्ये अमुक इतकं अंतर सोडा, हे आज आर्किटेक्ट सांगतो, त्यामागे असा इतिहास आहे.

ट्रस्टने आखलेल्या भागांपैकी एक गावदेवी. तिथेच १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक. आपण तिची नातवंडं-पतवंडं.

साहित्यात प्लेग शोधायला गेलं तर कामूची कादंबरी सगळे सांगतात. मला राजिंदरसिंह बेदींची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा जास्त जवळची वाटते. त्यात भागू नावाचा सफाई कामगार जिवावर उदार होऊन रोग्यांची सेवा करतो आणि सन्मान होतो तो डॉक्टरचा. रवींद्रनाथांच्या ‘चतुरंग’मध्ये जगमोहन स्वतःच्या घराचंच इस्पितळ करतो आणि त्यातच मरतो.

ही दोन माणसं मला २०२० च्या मे महिन्यात आठवायला हवी होती. तेव्हा मी आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कामवाल्या बायकांना बंदी, पेपर बंद, लिफ्टला टूथपिक, या सगळ्या नोटिसा माझ्याच सहीच्या. त्यांचं मला फारसं वाटत नाही, कुणालाच काही कळत नव्हतं. पण आपल्या रात्रीच्या वॉचमनला ताप आला तेव्हा मी आणि दोन सभासदांनी पाच मिनिटांत निर्णय घेतला. टेस्ट नाही, डॉक्टर नाही. पगार आणि वर दोन हजार रुपये हातावर ठेवून त्याच संध्याकाळी त्याला एका टेम्पोत बसवून दिलं. तो विचारत होता, “साहेब, दोन दिवस इथंच पडू द्या ना.” इथंच म्हणजे बी विंगच्या जिन्याखालच्या त्याच्या खोलीत. नंतर त्याचा फोन लागला नाही. तो परत आला नाही. पुढे काय झालं, मला माहीत नाही.

त्या खोलीला खिडकी नाही. सोसायटी झाली तेव्हापासून नाही. आपल्या प्रत्येक फ्लॅटच्या उजेडाचा हिशेब नकाशात आहे, तिचा नाही. आजचा वॉचमनही तिथेच झोपतो. मागच्या बाजूच्या भिंतीत खिडकी काढता येईल, असं आपल्या प्लंबरने आणलेल्या गवंड्याने पाहून सांगितलं आहे. इंजिनिअरकडून एकदा तपासून घेऊ. पुढच्या वार्षिक सभेसाठी मी हा विषय लेखी दिला आहे, खर्चातला माझा वाटा चेकने सोबत जोडला आहे.